यंत्रातला पहिला नंबर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा मागच्या खोलीत, पुऱ्या लाटणाऱ्या बायकांत. यंदा कार्यवाहबाईंनी मला पुढे आणून उभे केले आणि "चोरघंटेच्या यंत्राविषयी बोला" असे सांगितले. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्राविषयी मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीतल्या चार घरांच्या यंत्रांत नंबर कोणी घालून दिले?" ते मात्र मीच घालून दिले. तेव्हा जे हाताने केले तेवढेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी हे यंत्र मामंजींनी २०१७ साली बसवून घेतले. आमचे हे कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर, मुलगा शिकायला पुण्याला, घरात आम्ही दोघी बायका आणि मामंजी. शेजारच्या गल्लीत एक चोरी झाली आणि मामंजींनी मनावर घेतले. जिन्याखाली एक पांढरी पेटी, तिच्यावर आकड्यांची बटणे. पुढच्या आणि मागच्या दाराला चुंबकाची जोडी. दार उघडले की जोडी सुटते आणि पेटीला कळते. ओटीवर एक डोळा, तो माणसाच्या अंगाच्या उबेवरून हालचाल ओळखतो. आणि सासूबाईंच्या गळ्यात अडकवायला एक लहान बटण. चोर येवो, पडझड होवो, बटण दाबले की पेटीने फोन करायचा.

दाराची जोडी, तो डोळा, गळ्यातले बटण हे सगळे पेटीचे कान झाले. दुकानदार येतो, कान बसवतो, भोंगा वाजवून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. पण पेटीला तोंडही असते. तिच्यात आपल्या मोबाइलसारखे सिमकार्ड असते. कोणाला फोन करायचा, आधी कोणाला, मागून कोणाला, काय बोलायचे, कोणी उचलला नाही तर किती वेळा लावायचा, हे सगळे आधी बटणे दाबून भरून ठेवावे लागते. आपण भोंग्याची परीक्षा घेतो. तोंडाची कोण घेतो? आम्ही तरी घेतली नव्हती.

मामंजी २०२१ साली गेले. त्यांचे पेन्शनचे कागद, बँकेचे पुस्तक, गॅसचे कार्ड, सगळीकडची नावे आम्ही बदलली. पेटीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती आपली हिरवा दिवा लावून बसलेली. तिच्या सिमचा रिचार्ज मात्र आमचे हे न चुकता करीत, एवढे बरे.

२०२३ साली आपल्याच मंडळाच्या वर्धापनदिनाची तालीम होती. मी दुपारी तीनच्या आधी घरून निघाले. सासूबाई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. उठता येईना. त्यांनी गळ्यातले बटण दाबले. आवाज झाला नाही; कारण भोंग्याने त्यांच्या छातीत धडधडते म्हणून मामंजींनी त्या बटणापुरता भोंगा बंद ठेवून घेतला होता. नुसता फोन जायचा. त्यांना वाटले, गेला. आता कोणी येईल. कोणी येईना म्हणून पुन्हा दाबले. मग तिसऱ्यांदा.

मी साडेपाचला घरी आले. आई म्हणाल्या, "अगं, मी बटण दाबलं होतं." एवढेच बोलल्या. रागावल्या असत्या तर मला सोसले असते.

मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले होते. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. तिथल्या बाकावर बसून मी एकच विचार करीत होते, की माझा मोबाइल पिशवीत होता, चालू होता, मग मला फोन का आला नाही?

ह्याचे उत्तर माझ्या भाच्याने दिले. तो पुण्याला अशाच यंत्रांच्या कामावर आहे. त्याने फोनवरूनच मला पेटीपाशी उभे केले आणि आतली यादी एकेक करून वाचायला लावली. पहिला नंबर मामंजींचा. दुसरा ह्यांचा. तिसरा माझा. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! आमच्या यंत्राची रीत अशी की पहिला नंबर लावायचा. कोणी उचलला, की आपला निरोप ऐकवायचा आणि काम झाले समजून गप्प बसायचे. उचलला नाही तरच दुसऱ्याला लावायचा. बंद पडलेला मोबाइल नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. मामंजींचा नंबर कोणा दुसऱ्याकडे गेला होता. त्या माणसाने तिन्ही वेळा फोन उचलला. पेटीचे समाधान झाले.

मी त्या नंबरवर फोन केला. ट्रक चालवणारा, साताऱ्याकडचा मुलगा. मी हकीकत सांगितली तसा तो गडबडला. म्हणाला, "मावशी, एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. 'मी घरून बोलतोय, घरात अडचण आहे, ताबडतोब या.' मी हॅलो हॅलो करतोय, तर ते आपलं तेच बोलतात. मी उलट फोनसुद्धा लावला, तर नुसतीच एक शिट्टी वाजली." ती शिट्टी म्हणजे पेटी त्याच्याकडे गुप्त आकडा मागत होती. त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याला मी दोष देत नाही.

निरोपातला तो आवाज मामंजींचा होता. पेटी बसवली तेव्हा त्यांनीच तो भरला होता. आमच्या पेटीत निरोपाला दहा सेकंद मिळतात. त्यांनी आपले नाव सांगितले नाही, गल्ली सांगितली नाही. घरच्या माणसांना आवाज ओळखू येणारच, मग कशाला सांगायचे? मामंजींच्या मागे दोन वर्षे तो आवाज पेटीत तसाच होता आणि त्यांच्याच जुन्या नंबरला हाक मारीत होता.

नंबर बदलायला मला वेळ लागला नाही. सोबतचे पुस्तक इंग्रजीत, पण भाच्याने सांगितले तसे मी वहीत मराठीतून उतरवून घेतले. आधी गुप्त आकडा, मग जागेचा क्रमांक, मग फोन नंबर, मग शेवटचे बटण. प्रत्येक कंपनीची बटणे निराळी, म्हणून इथे क्रम सांगत बसत नाही. भाच्याने आणखी एक गोष्ट करून घेतली. फोन उचलणाऱ्याने निरोप ऐकून एक बटण दाबले तरच पेटीने समजावे की निरोप पोचला. नाही तर पुढचा नंबर लावावा. ही सोय आमच्या पेटीत पहिल्यापासून होती. ती बंद होती, इतकेच.

निरोप बदलायचे मात्र पंधरा दिवस अडले. नवा भरला की जुना पुसतो. मी सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "असू दे की गं त्यांचा." मग मी काही बोलले नाही. नंबर बदलले होते, सुरक्षितपणाचे काम झाले होते; पण निरोप ऐकणाऱ्याला काही उमगायचे नाही, हेही खरे होते. शेवटी भाच्याने तोड काढली. पेटीला माझ्या मोबाइलवर फोन करायला लावला आणि मुलाने दुसरा मोबाइल शेजारी धरून तो आवाज उतरवून घेतला. थोडी घरघर आहे, पण शब्द कळतात. तो ऐकल्यावर आई म्हणाल्या, "आता मीच बोलते." पहिल्या खेपेला "अगं, लागलं का? बोलू का?" एवढ्यातच दहा सेकंद संपले. चौथ्या खेपेला जमले. नाव, गल्ली, कोणत्या देवळामागे, आणि "मी पडले आहे किंवा घरात कोणी शिरले आहे, लवकर या." आता पेटी त्यांच्या आवाजात बोलते.

ही हकीकत गल्लीत कळली आणि मला बोलावणी येऊ लागली. जे पाहिले ते सांगते. एका घरी गुप्त आकडा कारखान्यातून येतो तोच, एक दोन तीन चार, तसाच होता. म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीला अडकवायची! एका घरी पेटीतले सिम महिनोन्महिने रिचार्ज न झाल्याने बंद. आता त्या बाई रिचार्जची तारीख दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहितात. तिसऱ्या घरी मुलाने स्वस्त पडते म्हणून नवे सिम घातले, तर पेटी अगदी मुकी. आमच्यासारख्या जुन्या पेट्या टू-जी जाळ्यावर चालतात, आणि काही कंपन्यांकडे फोर-जी आणि फाइव्ह-जीच आहे, टू-जी नाही. तसले सिम मोबाइलमध्ये उत्तम चालते आणि पेटीत निरुपयोगी ठरते. शिवाय सिमला स्वतःचा कुलूप-आकडा असेल तर तो आधी मोबाइलमध्ये घालून काढून टाकावा लागतो. वीज गेल्याचा संदेश यावा अशीही एक सोय असते, ती चालू ठेवावी. आतली बॅटरी काही वेळच टिकते.

कोणी विचारतात, पोलिसांचा ११२ नंबरच का घालू नये? भाचा म्हणतो, घालू नका. मांजर आडवे गेले तरी पेटी हाक मारते. ११२ ला फोन माणसाने करावा, काय झाले ते बोलून सांगावे.

बँका आणि सराफांच्या पेढ्या ह्यांची यंत्रे माणसाच्या आवाजात बोलत नाहीत, आकड्यांत बोलतात. भाच्याने ते समजावले तेव्हा मला फार आवडले, म्हणून सांगते. लांब एका कचेरीत माणसे रात्रंदिवस बसलेली असतात. पेटी तिकडे सोळा आकडे पाठवते. पहिले चार त्या गिऱ्हाइकाच्या खात्याचे, मग काय झाले त्याचे तीन: १३० म्हणजे घरफोडी, ११० म्हणजे आग, १०० म्हणजे माणसाला दुखले-खुपले, ३०१ म्हणजे वीज गेली. त्या तिनाच्या आधी १ असला तर संकट आले, ३ असला तर निवळले. पुढे कोणते दार तेही येते. आणि सोळावा आकडा ताळ्याचा. सगळ्यांची बेरीज पंधराने भागली गेली पाहिजे, नाही तर कचेरीतले यंत्र "पोचले" अशी खूण देत नाही आणि पेटी पुन्हा पाठवते. ह्या बेरजेत शून्याला दहा धरतात. आपण भिशीचा हिशेब लावतो तसेच. ती पोचपावती मिळेपर्यंत पेटी गप्प बसत नाही. पुष्कळ ठिकाणी ती रोज एकदा "मी जिवंत आहे" एवढे सांगायलासुद्धा फोन करते, ६०२ ह्या आकड्याने.

आमच्या पेटीला रोजचे ते येत नाही, म्हणून ते काम मी करते. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी चार वाजता सासूबाई स्वतः बटण दाबतात. त्या आज पुढच्या रांगेत काठी घेऊन बसल्या आहेत, त्यांना विचारा. यादीत आता पहिली मी, दुसरे हे, आणि पुढचे तीन नंबर आपल्या मंडळातल्या, आमच्या गल्लीतल्या तिघी जणींचे आहेत. त्यांना विचारूनच घातले आहेत. त्या दिवशी मी आणि हे मुद्दाम फोन उचलत नाही, म्हणजे पुढच्यांपर्यंत जातो की नाही ते कळते.

तेव्हा त्या तिघींना सांगणे, की येत्या एक तारखेला फोन येईल. घाबरू नका. निरोप पुरा ऐका आणि मग १ चे बटण दाबा. मागच्या महिन्यात एकीने "हॅलो, आवाज येत नाही" म्हणून मध्येच ठेवून दिला, आणि पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.