न छापलेल्या कादंबरीचे वाचक



मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो, राहतो चिखलीत. मी एक कादंबरी लिहिली आणि ती छापली जाण्याआधीच इंटरनेटवर फुकट वाटून टाकली. माझ्या अब्बांच्या मते हा मूर्खपणा आहे. ते पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणून आधीच सांगून टाकतो.

कादंबरी कुदळवाडीच्या भंगार बाजाराची. चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांतून निघालेला पत्रा, प्लॅस्टिक, पुठ्ठा तिथे निवडला जायचा. तीन वर्षं रविवारी बसून लिहिली. एका प्रकाशकाने छपाईचा खर्च मागितला. दुसरे म्हणाले, विषय चांगला आहे, पण तुमची मुस्लिम पात्रं इतकं सरळ मराठी कसं बोलतात? थोडं उर्दू घाला, वातावरण येईल. माझी दादी बार्शीकडची. ती भांडायचीसुद्धा मराठीत. पण खोटं कशाला बोलू, मी आठ महिने विचार करत बसलो, की घालावं का थोडं उर्दू.

तेवढ्यात फेब्रुवारी २०२५ आला. महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो बांधकामं अनधिकृत ठरवून काही दिवसांत पाडली. परवानग्यांचा, प्रदूषणाचा प्रश्न खराच होता, तिथला धूर मीही गिळलाय. पण ज्यांच्यावर लिहिलं, ते सामान टेम्पोत भरून निघाले होते. त्यांना काय सांगू, पुस्तक येईल तेव्हा विकत घ्या?

त्याच महिन्यात फाइल खुली केली. मराठीत हे नवं नाही. ई साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षं मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत देतंय. इंग्रजीत कोरी डॉक्टरोने २००३ मध्ये पहिली कादंबरी दुकानात आणि इंटरनेटवर फुकट, अशी एकदमच आणली होती.

माझी पहिली फाइल मात्र फसली. डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये केली होती. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असतं, आत रोमन अक्षरांचे कोड. 'कुदळवाडी' शोधलं तर काहीच सापडेना. शिवाय कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर पीडीएफ वाचायची म्हणजे प्रत्येक ओळ बोटाने सरकवायची. मग सगळं युनिकोडमध्ये आणून ईपब केलं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. लिहिणाऱ्यांनी एवढं तरी कराच.

हक्कांचं विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलं की हक्क आपला, नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. फुकट दिल्याने तो जात नाही. मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावला: नाव द्या, विकू नका, बदलू नका. त्यात भाषांतरही बसत नाही, हे मला उशिरा कळलं. हिंदीत करू का, असं एकीने विचारलं, तिला वेगळी परवानगी दिली. आणि कुणी करारावर सही मागितली तर मुदत वाचा. करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा हस्तांतर पाच वर्षांचं धरतो. पण 'कायमचे' असं लिहिलेलं असलं आणि तुम्ही सही केलीत, तर मग मला फोन करू नका.

तोटा आहेच. पैसा शून्य. आधी खुलं झालेलं पुस्तक घ्यायला बरेच प्रकाशक कचरतात, बऱ्याच पुरस्कारांना छापील प्रती लागतात. घरात कमावता एकटाच असतो आणि लिखाणावर चूल पेटत असती, तर मी हे केलं नसतं. माझा पगार चालू आहे, म्हणून परवडलं.

एके रात्री अनोळखी नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. माणूस पूर्वी कुदळवाडीत गोदामात होता, आता कुठेतरी दूर. सलाम नाही, कौतुक नाही. म्हणाला, सातव्या प्रकरणात तांब्याचा भाव चुकलाय, आणि जळालेल्या वायरीचं तांबं वेगळं मोजतात, तुम्ही एकातच धरलंय. मी त्याच रात्री दुरुस्त करून नवी फाइल टाकली. त्याने पुढचं प्रकरणही तपासून दिलं.

अब्बांना मोबाइलवर वाचवत नाही. त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून सगळी कादंबरी छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतली. चारशे दहा रुपये झाले. पावती माझ्या टेबलावर ठेवलीय.