सूचिपर्णी वृक्षांवरील तांबडा पट्टा



'सदाहरित' हा शब्द थोडा फसवा आहे. ज्या झाडाची पाने कधी गळतच नाहीत ते सदाहरित, असा पुष्कळांचा समज असतो, आणि वर्गात तो दूर करण्यात माझी बरीच वर्षे खर्ची पडली. वस्तुतः अशा झाडाचीही पाने गळतात. ती सगळी एकदम गळत नाहीत, एवढेच. पाइन वृक्षाची सुईसारखी पाने फांदीवर दोन-तीन वर्षे, जातीपरत्वे त्याहूनही अधिक काळ टिकतात आणि मग आतल्या बाजूची जुनी पाने पिवळी पडून खाली येतात. हे वयोमानाने होणारे गळणे निराळे आणि रोगाने होणारे निराळे. हा भेद न कळल्यामुळे निरोगी झाडावर औषधाचा मारा होतो, आणि खऱ्या रोग्याकडे मात्र 'पानगळ असेल' म्हणून दुर्लक्ष केले जाते.

पाइन म्हणजे आपल्या हिमालयातील चिडाच्या कुळातील वृक्ष. मुंबई-पुण्याच्या घरांत त्याचा परिचय बहुधा लाकडाच्या रूपानेच होतो. ज्यास आपण सरसकट 'देवदारी खोके' म्हणतो, त्याचे लाकूड पुष्कळदा देवदाराचे नसून पाइनचेच असते. न्यूझीलंडहून कांडला बंदरात जे ओंडके येत आले, ते रेडिएटा नावाच्या पाइनचे. गंमत अशी, की हे झाड मूळचे न्यूझीलंडचेही नव्हे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माँटेरीच्या बाजूस तीन ठिकाणी आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवर, एवढेच त्याचे माहेर. तेथील उन्हाळा कोरडा असतो. परंतु झाड झपाट्याने वाढते असे दिसून येताच न्यूझीलंड, चिली, पूर्व आफ्रिका आणि आपला निलगिरी पर्वत अशा दूरदूरच्या ठिकाणी त्याची लागवड झाली. आणि जेथे उबेच्या दिवसांतही पाऊस व धुके असे, तेथे डोथिस्ट्रोमा नावाच्या बुरशीने त्यास गाठले.

आता या रोगाची ओळख. प्रथम सुईवर पिवळसर ठिपके दिसतात. पुढे त्यांचा रंग तपकिरी व मग विटेसारखा तांबडा होतो, आणि सुईभोवती अंगठी घालावी तसा दोन-तीन मिलिमीटर रुंदीचा पट्टा उमटतो. हा तांबडेपणा बुरशीने निर्माण केलेल्या एका विषारी द्रव्याचा असतो. पट्ट्यापासून टोकापर्यंतचा भाग वाळतो. बुंध्याकडील भाग मात्र बरेच दिवस हिरवा राहतो. काही काळाने त्या तांबड्या जागी साल फोडून बारीक काळे दाणे वर येतात. साध्या भिंगाने ते चांगले दिसतात. शंका आली म्हणजे मी म्हणेन, प्रथम हे भिंग हाती घ्यावे.

नंतर चार पावले मागे सरून सगळे झाड पाहावे. हा रोग खालच्या फांद्यांवर व जुन्या सुयांवर आधी दिसतो आणि तेथून वर चढतो. जुन्या सुया अकाली झडल्यामुळे फांदीच्या टोकाशी यंदाच्या सुयांचा झुबका तेवढा उरतो, आणि ती सिंहाच्या शेपटीसारखी दिसू लागते. पाण्याचा तोटा झाला असेल तर अशी चिन्हे नसतात. तेथे सुया टोकाकडून सारख्या करपत येतात, मध्ये पट्टा नसतो. वयोमानाने गळणाऱ्या सुया तर वरपासून खालपर्यंत सर्व फांद्यांच्या आतल्या अंगास एकाच सुमारास पिवळ्या होतात. त्यांवर ना पट्टा, ना दाणे.

या बुरशीचे वाहन म्हणजे पाणी. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर व धुक्याबरोबर तिचे बीजाणू एका सुईवरून दुसरीवर जातात, सुईवर ओल टिकली की रुजतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. त्यानंतर काही आठवडे, कधी काही महिने, बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून तांबडा पट्टा आज दिसला तरी लागण मागच्या पावसातली असते, हे ध्यानात ठेवावे.

उपायांचा मोठा धडा न्यूझीलंडने घालून दिला. तेथे १९६४ साली रोगाची नोंद झाली आणि १९६६ पासून विमानांतून ताम्रयुक्त औषधाची फवारणी सुरू झाली. प्रारंभी हेक्टरी सुमारे ५० लिटर द्रावण लागे. पुढे थेंब बारीक करून ते अवघ्या ५ लिटरांवर आणण्यात आले. त्याहून महत्त्वाचा त्यांचा हिशेब. रोग समूळ नाहीसा करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. हिरव्या पर्णसंभाराचा सुमारे चौथा हिस्सा ग्रासला जाईपर्यंत वाढीत फारसे नुकसान नसते; तेव्हा रोगाचे प्रमाण मोजावयाचे आणि गरज असेल तेथेच फवारावयाचे. रेडिएटाचे झाड पंधराएक वर्षांचे झाले की त्याच्या अंगी प्रतिकारशक्तीही येते. म्हणजे जपावयाचे ते कोवळ्या वयात. याच्या जोडीस खालच्या फांद्या छाटणे व दाटी विरळ करणे, जेणेकरून वारा खेळेल आणि सुया लवकर वाळतील.

केनियाने निराळा मार्ग पत्करला. तेथे रेडिएटाची लागवड सोडून सायप्रस व पॅट्युला पाइन यांवर भर देण्यात आला. आपल्याकडे निलगिरीतही हा रोग आढळला, आणि १९६८ साली वनशास्त्रज्ञांनी भारतातील पाइन-लागवडीस त्याचा धोका असल्याचा इशारा दिला. माझ्या मते, जेथे धुके हटतच नाही तेथे जातच बदलणे हे फवारणीपेक्षा शहाणपणाचे.

परंतु परक्या भूमीत नेल्यामुळेच हे दुखणे आले, असे म्हणून मोकळे होता येत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य भागात लॉजपोल पाइन हे तेथलेच झाड. तरीही तेथील मोठी, पुरी वाढलेली झाडे या रोगाने मेली. आणि उन्हाळी पावसात झालेली वाढ हे त्याचे कारण असल्याचे २००५ साली तेथील संशोधकांनी मांडले. इंग्लंडात कॉर्सिकन पाइनवर रोग इतका बळावला, की २००७ मध्ये सरकारी वनांत त्याची नवी लागवड थांबविण्यात आली.

आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज त्या देशांत घरे करून आहेत आणि त्यांच्या अंगणांत पाइन आहेत. त्यांच्यासाठी थोडे सांगतो. झाडावर वरून पाण्याचा फवारा सोडू नये. पाणी मुळाशी द्यावे. पडलेल्या रोगट सुया गोळा कराव्यात, कारण त्यांत बुरशी काही महिने जिवंत राहते. छाटणी कोरड्या हवेत करावी. औषध म्हणाल तर आपल्या द्राक्षबागाईतदारांच्या ओळखीचे बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद व चुना, किंवा तेथे मान्यता असलेले दुसरे ताम्रयुक्त औषध. ते नव्या सुया बाहेर पडू लागताच व पुन्हा काही आठवड्यांनी मारावे. ताम्र नव्या बीजाणूंस रुजू देत नाही. लागलेला रोग ते बरे करीत नाही. तेव्हा तांबड्या झालेल्या सुया पुन्हा हिरव्या होतील अशी आशा धरू नये. यश पाहावयाचे ते पुढील वर्षीच्या सुयांवर.

या बुरशीच्या दोन जाती आहेत, हे २००४ साली निश्चित झाले. नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत पाठवावयाचा झाल्यास पट्टा व काळे दाणे असलेल्या सुयांची लहानशी जुडी, थोड्या फांदीसह, कोरड्या कागदात गुंडाळावी. ओल्या कपड्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये. वाटेत दुसरीच बुरशी चढते. वर झाडाची जात, वय, रोग खालून किती उंचीपर्यंत चढला आहे ते, आणि तोडल्याची तारीख लिहावी.