यकृत बदलायचे ठरवताना



काविळीला गळ्यात माळ घालणे अजून चालतेच. साधी कावीळ आपोआप उतरते आणि नाव माळेचे होते! पण काविळीचा माणूस बरळू लागला, तर त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल गाठा. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, शी पांढुरकी झाली, तर पित्तनळी बंद असू शकते. तिचे ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालेले बरे. नाहीतर पुढे यकृतच बदलायची पाळी येते. अशाच एका २० महिन्यांच्या बाळाला १९९८ साली दिल्लीत वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला, आणि ते जगले.

आता देणारा कोण? घरात सगळ्यांची नजर आईकडे, बायकोकडे वळते. कापलेले यकृत पुन्हा वाढते हे खरे, पण देणाऱ्याच्या जिवालाही थोडा धोका असतोच. १९९४ च्या कायद्याने देणाऱ्याची राजीखुशी लागते. तेव्हा तिला एकटीला बसवून विचारा. ती नाही म्हणाली तर टोमणे नकोत. मनात नसताना दिलेले ते दान कसले? मेंदू मृत झालेल्या माणसाचे यकृतही मिळू शकते. त्या यादीत नाव घालायचे का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.