लेहला निघण्यापूर्वी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला सभेत बोलण्याची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि या व्यासपीठावर आजवर चढले ती हळदीकुंकवाची वाणे वाटण्यापुरतीच. परंतु आपल्या आळीतील तीन बिऱ्हाडे येत्या मे महिन्यात लडाखात लेहला जाणार आहेत असे कळले, आणि अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन आलात, तर चार गोष्टी सांगाच." म्हणून उभी राहिले. तेथल्या डोंगरांचे वर्णन मी करणार नाही, फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. मी माझी फजिती सांगणार आहे. उपयोगाची तीच आहे.

आधी उंचीचे सांगते. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट. लेह गाव सुमारे ११,५०० फुटांवर वसले आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवा विरळ. येथे एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साधारण दोन तृतीयांशच तेथे मिळतो. शरीर हळूहळू जमवून घेते, पण त्याला निदान दोन-तीन दिवस द्यावे लागतात. आणि विमान तर दिल्लीहून दीड तासाच्या आत वर नेऊन ठेवते. वेळ असेल त्यांनी श्रीनगरहून मोटारीने, कारगिलला मुक्काम करून जावे, म्हणजे चढ थोडा थोडा अंगवळणी पडतो. मनालीचा रस्ता मात्र लेहहूनही उंच घाटांतून जातो. तेथे वाटेत मुक्काम पडला तर त्रास वाढण्याचाच संभव.

आम्ही २०२४ च्या जून महिन्यात विमानाने गेलो. हे, मी, आमचा चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तीन वर्षे भिशी लावून पैसे जमवले होते. सर्वांना काळजी सासूबाईंची. त्यांना घरच्या डॉक्टरांना दाखवले, रक्तदाब तपासला, बोटाला लावून प्राणवायू मोजायचे यंत्रही बरोबर घेतले. (ते करोनाच्या वेळी घेतलेले कपाटात पडूनच होते.) मला तपासायचे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, आज कोणी हलायचे नाही, नुसते पडून राहा, पाणी प्या, आंघोळही उद्या. सासूबाई आंघोळीवाचून कशाबशा राहिल्या, पण निजून राहिल्या. हे आणि मुलगाही निजले. मी काय केले? बॅगा सोडल्या, कपडे लावले, प्रवासातले मळके कपडे धुतले, ते गच्चीवर वाळत घालायला तीन वेळा जिना चढले, आणि सासूबाईंसाठी मुगाची खिचडी टाकायला खाली स्वयंपाकघरात गेले. भगिनींनो, विश्रांती घ्या म्हटले की घरातली बाई सोडून सगळे विश्रांती घेतात. संध्याकाळी माझे डोके घणघणू लागले. जेवण जाईना. मी बाम चोळला आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी खारदुंगला घाटात जायचे ठरले होते, गाडीचे पैसे भरलेले होते, मुलगा नाचत होता. डोके दुखते म्हणून सगळ्यांचा विरस करायचा?

तो घाट सुमारे १७,५०० फुटांवर. दुसऱ्याच दिवशी तेथे नेण्याचा कार्यक्रम आखला ज्या प्रवासवाल्यांनी, त्यांनी तो आखायला नको होता, आणि आम्ही तो मान्य करायला नको होता. वाटेत मला दोनदा उलटी झाली. गाडी लागली असेन म्हणाले. रात्री खोलीत परतल्यावर कोरडा खोकला सुरू झाला. आडवे झाले की दम लागे, म्हणून भिंतीला टेकून बसून राहिले. यांना झोपेतून उठवावेसे वाटेना. सासूबाई पाणी प्यायला उठल्या. त्यांनी दिवा लावला, माझ्याकडे पाहिले आणि ओरडल्या, "अगं, तुझे ओठ निळे पडलेत! कधीपासून अशी बसली आहेस?" रुग्णालयात नेले. फुप्फुसात पाणी होऊ लागले होते. लगेच प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आले नसते. दोन दिवसांनी आम्ही विमानाने खाली आलो. पँगाँगचे सरोवर मी पाहिलेच नाही.

तर डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, हे झाले की त्याच क्षणी बोलायचे. अंगावर काढायचे नाही. बरे वाटेपर्यंत आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी दम लागला, तोल जाऊ लागला, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू मिळेल तेथे न्यावे आणि लवकरात लवकर खाली उतरवावे. लहान मूल सांगू शकत नाही. ते किरकिर करते, खेळत नाही, खात नाही, एवढ्यावरूनच ओळखायचे. यंत्रातला आकडा तेथे सर्वांचाच कमी येतो, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका, माणसाकडे पाहा. या त्रासावर गोळी मिळते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच; सल्फाच्या औषधाची बाधा होत असेल तर त्यांना ते आधी सांगावे. झोपेची गोळी घेऊ नये. हृदयाचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय निघूच नये. आणि आपल्यापैकी कितीजणींच्या अंगात रक्त कमी असते! सासूबाईंचा रक्तदाब पाहाल तेव्हा स्वतःचे रक्तही तपासून घ्या. पँगाँग सुमारे १४,००० फुटांवर आहे. तेथला मुक्काम अगदी शेवटच्या दिवसांत ठेवा.

आता स्वयंपाकाचे, कारण तांदूळ-डाळ बरोबर नेण्याचा बेत मी ऐकला आहे. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. भांड्यात खळखळ उकळी दिसते, पण डाळ दाणा दाणा राहते. माझी खिचडी तासभर शिजत होती! कुकरावाचून तेथे चालत नाही. कडधान्याला शिट्ट्याही जास्त द्याव्या लागतात. त्यापेक्षा तेथलेच खावे. थुक्पा म्हणजे शेवयांचे गरम कढण, ते पोटाला हलके पडते. लोणी-मिठाचा चहा सासूबाईंना आवडला, मला नाही. चिवड्याची पाकिटे वर गेल्यावर फुग्यासारखी फुगतात, मुले घाबरली तर सांगा.

खोबरेल तेल बाटलीत गोठून बसते. ओठांना आणि नाकपुड्यांना लावायला डबीत तूप न्या, हवा इतकी कोरडी आहे की नाकातून रक्त येते. ऊन मात्र पोळते. काळा चष्मा, टोपी मुलांनाही हवी. पाण्याची तेथे टंचाई असते. वर्षाला जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस, बाकी सारे वितळल्या बर्फाचे पाणी. मी त्या दिवशी बादल्याच्या बादल्या ओतून कपडे धुतले, त्याची अजून लाज वाटते. जुन्या घरांत कोरडे शौचकूप असतात, वर माती टाकायची. नाक मुरडू नका. भेटल्यावर, निघताना, आभार मानताना एकच शब्द, "जुले". घरमालकीणबाईंना आम्ही "आमा-ले" म्हणत असू, म्हणजे आपल्याकडचे "आई". मला रुग्णालयात नेताना गाडी त्यांनीच मागवली होती.

आणखी एक. लेहमध्ये बायकांचे मोठे मंडळ आहे, विमेन्स अलायन्स ऑफ लडाख. त्यांनी १९९८ साली गावातून प्लास्टिकच्या पिशव्या बंद करवल्या. तेव्हा आपण प्लास्टिक घेऊन जाणे बरे दिसणार नाही. आपल्या शिवणवर्गात कापडी पिशव्या तयार आहेत. तिन्ही बिऱ्हाडांनी निघण्यापूर्वी माझ्याकडून घेऊन जाव्यात, आणि येताना माझ्यासाठी थोडे जर्दाळू आणावेत. माझे तेही राहून गेले.