शेवग्याचा रस आणि दादरचा हिशेब

(अमळनेर येथील बैठकीतील भाषण)



दादर पेरायची वेळ आली की टॉनिकच्या बाटल्या गावात येतातच. २०२१ साली सरकारने असल्या मालाला खत नियंत्रण आदेशाखाली आणले. तोवर त्याला धरबंध नव्हता. आता काहीजण म्हणतात, बाटली कशाला, शेवग्याचा पाला वाटा आणि रस फवारा.

रसात दम आहे. कोवळ्या शेवग्यात झिएटिन नावाचे वाढीचे द्रव्य असते. ते पहिल्यांदा हाती लागले १९६३ साली, मक्याच्या दाण्यांतून. त्याने पान उशिरा पिवळे पडते. निकाराग्वा देशात फोइडल नावाच्या संशोधकाने हा रस बत्तीसपट पाण्यात मिसळून झाडाला २५ मिलिलिटर फवारला. ज्वारी, मका, कांदा अशा पिकांत २० ते ३५ टक्के वाढ मिळाल्याचे त्यांनी मांडले.

हा आकडा आपल्या वावरात आणून पाहू. एकरी ५४,००० ताटे धरा. पाणी लागले १,३५० लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे ९० पंप. फवारण्या चार. रस काढल्यापासून पाच तासांत संपवायचा. कपाशीच्या फवारणीने आधीच मोडलेल्या पाठीवर हे ओझे कोण घेणार? आणि कोरडवाहूला एवढे पाणी असते, तर ओलीतच केले नसते का? दोनशे लिटरात भागवले, तर झाडाला चार मिलिलिटरही येत नाहीत. मग ३५ टक्क्यांची आशा धरू नका.

आम्ही म्हणतो, रस बियाण्याला लावून पाहा. एकराला चार किलो बी. भिजवायला बादलीभर पाणी पुरते. तीसपट पाण्यातल्या रसात आठ-दहा तास ठेवा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. घरचेच बी घ्या. औषध चोळलेले रंगीत बी भिजवू नका.

पण सबंध वावर नको. सहा तासे कोरड्या बियाण्याची, सहा साध्या पाण्यात भिजवलेल्याची, सहा रसातली. मधली सहा कुणी गाळू नका. नुसत्या पाण्यानेही बी लवकर आणि सारखे उगवते. ती तासे नसली तर पाण्याचे श्रेय रस घेऊन जाईल, आणि उद्या तोच रस बाटलीत भरून आपल्यालाच विकला जाईल.

कापणीला दाणा आणि कडबा वेगवेगळा तोला. तिन्ही वजने कागदावर लिहून पुढच्या बैठकीला आणा.