अंगणापर्यंतचा प्रवास

माणसाच्या आयुष्यातील पहिला प्रवास आगगाडीने होत नाही, की बैलगाडीनेही होत नाही. तो आईच्या नाहीतर आजीच्या कडेवरून, घराचा उंबरठा ओलांडून अंगणापर्यंत होतो. अंतर फार तर दहा पावलांचे. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर त्याहून लांबचा प्रवास पुढे क्वचितच घडतो. नवजात अर्भकाला एक-दीड वीत अंतरावरचे तेवढेच नीट दिसते. म्हणजे दूध पाजणाऱ्या आईचे मुख हीच त्याच्या जगाची सीमा. पुढे महिन्यामहिन्याने ही सीमा मागे सरत जाते, आणि एके दिवशी त्या मुखापलीकडे आकाश आहे, झाड आहे आणि झाडावर काहीतरी हलते आहे, याचा त्याला शोध लागतो.

आपल्या पूर्वजांना या शोधाचे महत्त्व ठाऊक होते. मूल प्रथम घराबाहेर नेण्याला त्यांनी सोळा संस्कारांत स्थान दिले. निष्क्रमण हे त्या संस्काराचे नाव. पारस्कर गृह्यसूत्रात त्यासाठी चौथा महिना सांगितला असून त्या दिवशी बालकास सूर्यदर्शन घडवावे असे म्हटले आहे. आज तो विधी फारसा कोणी करीत नाही. पण अंगडे-टोपडे घालून, गालाला तीट लावून बाळाला चिऊ-काऊ दाखवायला बाहेर काढणारी आजी न कळत तेच करीत असते.

या नित्याच्या गोष्टीचा विचार करण्यास फरीदाबाद हे गाव मोठे उद्बोधक आहे. दिल्लीच्या दक्षिणेस, यमुना आणि अरवलीचे खडक यांच्या मधल्या सपाटीवर हे वसले आहे. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली ते वसविले असे सांगतात. परंतु आजच्या फरीदाबादचा जन्म खऱ्या अर्थाने फाळणीनंतरचा. वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माईलखान अशा ठिकाणांहून आलेले हजारो निर्वासित येथे तंबूंत राहत होते. १९४९ साली त्यांच्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली विकास मंडळ स्थापन झाले; सुधीर घोष, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारखी माणसे या कामात पडली; आणि दुसऱ्या कोणी बांधलेल्या घरांची वाट न पाहता निर्वासितांनी स्वतःच्या हातांनी आपले नवे शहर बांधले.

तंबूत वाढणाऱ्या मुलाला अंगण नसते. कनात बाजूला सारली की एकदम अफाट, अनोळखी जग. घर आणि जग यांच्या मधली जी जागा, जी घराची असते आणि तरीही आकाशाखाली असते, ती त्या लेकरांना या नव्या वस्तीत प्रथम मिळाली. घरे लहानच होती. परंतु खाट टाकण्यापुरती, कपडे वाळविण्यापुरती आणि मूल रांगण्यापुरती मोकळी जागा तेथे होती.

पुढे येथे कारखाने उभे राहिले आणि नोकरीच्या निमित्ताने देशाच्या चारी दिशांची माणसे आली. त्यांत मराठी माणसेही आली. अशा एखाद्या मराठी घरातील हिवाळ्याची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. धुके विरून उन्हात ऊब येईपर्यंत दहा-साडेदहा वाजतात. मग आजी खाटेवर गोधडी घालते आणि तीवर बाळाला पालथे निजवते. बाळ मान उचलते, थकते, गोधडीत तोंड खुपसते, पुन्हा मान उचलते. कडुनिंबाच्या खोडावरून खार सरसर उतरते, तिच्याकडे टक लावून पाहते. दारावर भाजीची हातगाडी येते. लाल गाजरे, पांढरे मुळे, हिरवी मेथी हे बाळाचे पहिले चित्रप्रदर्शन. शेजारची पंजाबी आजी कुंपणापलीकडून आपल्या बोलीत त्याचे कौतुक करते, भाजीवाला हिंदीत हाक मारतो, घरची आजी मराठीत उत्तर देते. आणि तिन्ही भाषांना बाळ एकच हुंकार देते.

जानेवारीत तर या अंगणाला विशेष शोभा येते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पंजाबी घरांत लोहडी पेटते. ज्या घरात नवे मूल आले असेल, तेथे तिचा थाट अधिक. शेंगदाणे आणि रेवड्या वाटल्या जातात. दुसऱ्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंत मराठी घराचे बोरन्हाण. हलव्याचे दागिने घातलेले बाळ पाटावर बसते, त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतले जातात आणि गल्लीतील मुले ते वेचायला धावतात. एकाच गल्लीत, लागोपाठच्या दिवशी, दोन प्रांत आपापल्या तान्ह्यांचे कौतुक जवळजवळ सारख्याच रीतीने करतात.

अंगणात मूल खेळते म्हणजे नेमके काय करते? वाटीवर चमचा आपटते, वाळके पान चुरगाळते, मुंगीमागे रांगते. बघणाऱ्याला तो निव्वळ चाळा वाटतो. वस्तुतः ती त्याची शाळा असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केलेल्या शिफारशींत हेच सांगितले आहे. एक वर्षाच्या आतील बालकाला दिवसातून अनेक वेळा जमिनीवर खेळू द्यावे. जे अजून रांगत नाही, त्याला जागेपणी एकूण अर्धा तास तरी पालथे ठेवावे. बाबागाडीत किंवा पाठीशी सलग एक तासाहून अधिक जखडून ठेवू नये. आणि पडद्यावरची चित्रे त्याला मुळीच दाखवू नयेत.

आणखी एक खेळ सर्व आयांना माहीत आहे: पदराआड तोंड लपवून ‘कूक’ करण्याचा. तोंड दिसेनासे होते तेव्हा बाळ गोंधळते. ते पुन्हा दिसताच खिदळते. न दिसणारी वस्तू नाहीशी झालेली नसते, हा मोठा धडा ते या खेळातून शिकते. रोजचे फिरणे हा त्याच खेळाचा विस्तार होय. अंगणातून गल्लीच्या टोकापर्यंत जावे आणि परत यावे. घर दिसेनासे व्हावे आणि पुन्हा दिसावे. रोज तेच वळण, तेच झाड, तेच फाटक. थोरांना यात कंटाळा वाटतो. मुलाला विश्वास मिळतो. ज्या शहराच्या पहिल्या रहिवाशांना आपल्या मूळ घरी परत जाणे कधीच शक्य झाले नाही, त्या शहरात त्यांनी नातवंडांना कडेवर घेऊन हा परतीचा विश्वास दिला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु आज हे अंगण आक्रसत आहे. जुन्या बैठ्या घरांच्या जागी मजल्यांवर मजले चढले. खालची मोकळी जागा मोटारींनी घेतली. ज्या बडखल तलावाकाठी पूर्वी कुटुंबेच्या कुटुंबे सहलीला जात, तो या शतकाच्या आरंभी आटून गेला. तो पुन्हा भरण्याचे प्रयत्न पुढे सुरू झाले. त्यात हिवाळ्यातील धुराची भर. तान्ह्या मुलाचा श्वास मोठ्या माणसाहून पुष्कळ जलद चालतो, आणि बाबागाडीत ते वाहनांच्या धुराच्या अगदी जवळ असते. म्हणून सुज्ञ आई धूर दाट असेल त्या दिवशी घरातच चटई अंथरते. हवा निवळली की वाहत्या रस्त्याऐवजी आतली गल्ली किंवा बाग धरते आणि मुलाला कडेवर घेते. उन्हाळ्यात ‘लू’ वाहू लागण्याआधी भल्या सकाळीच ती फेरी उरकते.

अंगण हा मुलाचा हक्क आहे, हे ओळखणारी एक थोर स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला ‘अंगणवाडी’ हे साधे, घरगुती नाव दिले. अनुताई वाघ यांनी हे काम त्यांच्या खांद्याला खांदा लावून केले आणि ते पुढे चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज फरीदाबादच्या गल्ल्यांतही त्या केंद्रांना ‘आंगनवाडी’ म्हणतात. शब्द समुद्रकाठचा, पण तो आता यमुनाकाठचाही झाला आहे.

त्या शब्दातच सारे सार आहे. जागा विस्तीर्ण हवी असे नाही. गच्चीचा कोपरा, सज्जातील चार हात, बागेतील एक झाड एवढेही पुरते. मात्र तेथे माती किंवा ऊन यांपैकी काहीतरी असावे, आणि घाई नसलेले एक माणूस असावे. घरात अंगण उरले नसेल, तर त्या माणसाने दिलेला अर्धा तास हेच बाळाचे अंगण होते.