फूल गळाल्यावर



पेणच्या एका निवृत्त सहकाऱ्याला निरोपसमारंभात आम्ही ऑर्किडची कुंडी दिली होती. दोन महिन्यांनी फुले गळाली. झाड मेले असे समजून कुंडी जिन्याखाली गेली. ती आम्ही रोह्याला घरी आणली.

मित्रहो, फूल गळणे हा झाडाचा शेवट नव्हे, ती विश्रांती आहे. डेंड्रोबियमच्या जाड कांड्यांची पाने झडली तरी कांड्या कापू नयेत. त्यांत अन्नपाणी साठलेले असते. ते झाडाचे बचत खातेच! फुलांचा वाळलेला दांडा तेवढा कापावा. या झाडाच्या मुळांना हवा लागते, म्हणून माती नको. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणे घालावीत. मुळे पांढुरकी दिसली की पाणी द्यावे, हिरवी असतील तर थांबावे. आपल्याकडच्या धो धो पावसात कुंडी आडोशाला ठेवावी, नाहीतर मुळे कुजतात.

आंब्यावर फुलणारी सीतेची वेणी हेही ऑर्किडच. लोक बांडगूळ समजून ती ओरबाडतात. बांडगूळ फांदीत मुळे घुसवून झाडाचे पाणी पिते; ही केवळ आधार घेते. आसामने तर हिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

आमची कुंडी दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुलली आणि आम्ही ती सहकाऱ्याच्या घरी परत पोचवली. दहावीत एकदा नापास झालेल्या मुलालाही असेच जिन्याखाली ठेवू नका, एवढीच पालकांना विनंती.